नखाची खूण

गुरुवार, ४

आज धाकट्यानं कहर केला. सकाळी मी राळ कालवायला घेतली होती. दोन भाग राळ, एक भाग ती टणक करणारा हार्डनर, पेल्यावरच्या रेघेपर्यंत ओतायचं आणि हलवायचं. चाळीस वर्षं हेच करतोय. हल्ली पेल्यांवरच्या रेघा इतक्या फिक्या छापतात की अंदाजानंच ओतावं लागतं, पण हाताला सवय आहे. तर हा मागून येऊन म्हणतो, "दादा, मिश्रण आता मी करत जातो. तू खुर्चीवर बस, गिऱ्हाइकांशी बोल."

खुर्चीवर बस! वडिलांनी कारखान्याची चावी माझ्या हातात दिली तेव्हा हे महाशय तेराच्या पाढ्यावर अडकले होते.

"माझ्या मिश्रणाला काय धाड भरली?" मी विचारलं.

"काही नाही रे. वय होतंच ना माणसाचं."

आणि जमिनीकडे बघायला लागला. तोंडावर खोटं बोलायला याला लहानपणापासून जमत नाही, म्हणून फरशीला सांगतो. याच्या पोटात काय आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. मागे एकदा याच्या खिशात प्लास्टिकच्या होड्यांच्या कारखान्याचं पत्रक दिसलं होतं. साच्यात ओतलं की दिवसाला चार होड्या. मग लाकडाच्या बोटभर रुंद पट्ट्या एकीला एक जोडत, वर काचेच्या धाग्याचं कापड ताणून राळ चढवत महिनाभर एकाच होडीला कुरवाळणारा थोरला भाऊ कशाला हवा? गिऱ्हाइकं कॅनू म्हणतात. वडील होडीच म्हणायचे, मीही होडीच म्हणतो.

दुपारी ताई जेवायला आली होती. ती आम्हा दोघांहून थोरली. शाळेत खेळ शिकवायची, आता निवृत्त आहे, पण शिट्टी अजून आवाजात आहे. तिच्यासमोरच मी पैज लावली. आज राळ चढवली ती होडी घेऊन तिघांनी नदीवर जायचं, वडील आम्हाला न्यायचे त्याच वाटेनं, जंगलातून, आठ दिवस. सांध्यातून एक थेंब आत आला तर चावी धाकट्याची आणि मी खुर्चीवर. नाही आला तर चावी माझी, आणि यानं जन्मात परत मिश्रणाचं नाव काढायचं नाही.

ताई म्हणाली, "तुम्हा दोघांची वयं मिळवली तर एकशे तेरा होतात, आणि अक्कल मिळवली तर तेरासुद्धा होत नाही." पण येते म्हणाली. धाकट्यानं राळेचा पेला पुसून ठेवला. मग "बरं" म्हणाला.

उरलेली राळ फळकुटावर फासली, तारीख घातली, फळकूट खिळ्याला टांगलं. हा वडिलांचा नियम. प्रत्येक मिश्रणाचं एक फळकूट ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर नख दाबायचं. नख उमटलं तर राळ कच्ची, होडी पाण्यात जात नाही. टांगायचं मी अजून चुकवत नाही. नख लावायच्या भानगडीत मात्र हल्ली पडत नाही. चाळीस वर्षांत उमटलं नाही ते आता काय उमटणार?

रविवार, ७

डबा घेऊन दिवसभर कारखान्यात होडीजवळ बसून राहिलो. धाकटा गेलं वर्षभर दर रविवारी सुट्टी असून इथे येतो. बायकोची कटकट चुकवायला येत असणार, मी कधी विचारलं नाही. सँडपेपर मात्र हल्ली दुप्पट संपतो, त्याचा जाब एकदा विचारायचाय. आज आला, मला बघून दारातच थबकला.

"दादा, तू घरी जा ना. मी जरा साफसफाई करतो."

"कर की. माझ्यासमोर कर."

झाडू मारला, पाच मिनिटं होडीपाशी घुटमळला, हात पुढे केला. मी ओरडलो, "हात लावायचा नाही!" तर पोळल्यासारखा मागे झाला. उगीच पैज स्वीकारली का यानं? काहीतरी बिघडवून ठेवलं असतं म्हणजे झालं. मी काय दूधखुळा आहे?

चष्मा परत बदलला. तिसरा. भिंगावर मधोमध एक डाग आहे तो याही चष्म्यावर आहे. चष्मेवाला म्हणतो, मोठ्या डॉक्टरला दाखवा. मोठ्या डॉक्टरकडे माणूस पाठवला की याला काहीतरी मिळत असणार.

मंगळवार, ९

ट्रकवाल्यानं पहाटे घाटाच्या पायथ्याशी नदीवर सोडलं. परतीला पुढच्या मंगळवारी पुलापाशी येईल. मी मागे, सुकाणूच्या जागी. धाकटा पुढे. ताई मधे सामानावर, राणीसारखी. पहिले दोन तास कुणी बोललं नाही, आणि न बोलण्यातही बरं वाटत होतं. वल्हं पाण्यात जाताना जो आवाज होतो तो कारखान्यात कितीही वर्षं काढली तरी ऐकायला मिळत नाही.

एकही थेंब नाही. तसं मी मोठ्यानं म्हणालो. ताई म्हणाली, "अरे, अजून चहाची वेळसुद्धा झाली नाही."

आमची ही वारल्यापासून रोज लिहायची सवय लागलीय, म्हणून इथेही वही आणली. वहीच्या रेघासुद्धा हल्ली दिसतील अशा छापत नाहीत.

बुधवार, १०

खडकावर आदळता आदळता वाचलो. पुढे बसतो त्यानं ओरडायचं असतं. धाकटा म्हणतो, ओरडलो, तीनदा ओरडलो. समोर, मधोमध, स्वच्छ पाणी होतं, मी स्वतः बघत होतो. चूक झाली की मागच्याच्या माथी मारायची ही याची जुनी खोड.

शुक्रवार, १२

चौथा दिवस. होडी कोरडी. मी रोज संध्याकाळी ताईसमोर तळाला हात फिरवून दाखवतो, आणि रोज धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. बिचाऱ्याची झोप उडालीय. माझ्या आधी उठून नदीवर गेलेला असतो. मी तंबूतून बाहेर येतो तेव्हा होडीतला स्पंज पिळून दगडावर वाळत घातलेला असतो. एवढी टापटीप घरी दाखवली असती तर बायको खूश झाली असती.

वल्हं मारणं मात्र अजून येत नाही. दिवसभर याचे गुडघे ओले. "पाणी उडवतोस," मी म्हटलं, "बावन्न वर्षांचा झालास, वल्हं कसं उचलायचं ते अजून शिकला नाहीस." तर म्हणे, "हो, उडतं जरा." ताईनं आपला टॉवेल त्याच्या गुडघ्यांखाली सारला. ताई याला अजून बाळ म्हणते, आणि हा अजून म्हणवून घेतो.

त्याच्या पिशवीत एक पत्र्याचा डबा आहे. काय म्हणून विचारलं तर पायाचं मलम म्हणाला. वास राळेसारखा येतो. मलमांचे वास हल्ली काही विचारू नका.

संध्याकाळी लाकडं गोळा करून परत येत होतो तर दोघांचं चाललं होतं. ताई म्हणत होती, "सांगून टाक त्याला." धाकटा, "तू सांग." ताई, "मला नाही जमायचं." मी खाकरलो तशी दोघं गप्प. म्हणजे प्लास्टिकवाल्यांशी बोलणं झालेलं आहे. ताईसुद्धा सामील. तिला काय फरक पडतो म्हणा. तिनं आयुष्यभर शिट्टी वाजवली, पळाले दुसरेच.

शनिवार, १३

आजचं नीट लिहितो.

सकाळी धाकटा म्हणाला, "आज थांबूया इथेच. वडील पाचव्या दिवशी थांबायचे." खरंच थांबायचे. पाचव्या दिवशी वल्ह्याला हात लावायचा नाही असा त्यांचा दंडक होता. तिन्ही वल्ही वाळूत उभी रोवायचे आणि म्हणायचे, आज नदीला पुढे जाऊ द्या, आपल्याला घाई नाही. हे त्याला आठवलं याचं मला नवल वाटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. मी स्वतः वल्ही रोवली.

जागा नामी होती. नदी तिथे वळते आणि वळणाच्या आत वाळूचा रुंद पट्टा आहे, मागे उंच झाडं. होडी पालथी करून वाळूवर उन्हात ठेवली. चार दिवसांचे मोजे धुतले आणि दोन झाडांना दोरी बांधून वाळत घातले. चहा झाला, परत चहा झाला. ताई पुस्तक वाचायला म्हणून आडवी झाली आणि दहाव्या मिनिटाला पुस्तक तोंडावर घेऊन घोरायला लागली. धाकट्यानं निखाऱ्यात बटाटे पुरले. मी पाण्यात उतरलो. किती वर्षांनी उतरलो! पाणी इतकं गार की पहिल्यांदा शिवीच निघाली, आणि मग बाहेर यावंसं वाटेना. पाठीवर तरंगत राहिलो. आभाळाच्या मधोमध तो डाग होता, पण चष्मा काढलेला होता. चष्मा नसताना डाग कसा दिसतो, असा विचार मनात येऊन गेला. डोळ्यात पाणी गेलं असेल.

बटाटे खाताना ताई म्हणाली, "आठवतं का रे, याच वळणावर वडिलांचं वल्हं मोडलं होतं?"

न आठवायला काय झालं? धाकटा सहा वर्षांचा होता. वल्हं घेऊन दगडांत तलवार तलवार खेळत होता, आणि वडिलांनी स्वतः तासलेलं वल्हं मधोमध मोडलं. वडील आले तेव्हा हा पांढराफटक पडला होता. मी म्हणालो, मी मोडलं. मी पंधरा वर्षांचा. वडिलांनी त्याच वल्ह्याच्या तुकड्यानं मला पोटरीवर हाणलं. दोन दिवस लंगडत होतो. धाकट्यानं त्याबद्दल ना तेव्हा अवाक्षर काढलं ना नंतर. आजही बटाट्याचं साल सोलत बसला. मी म्हटलं, "काहींना जाण असते, काहींना नसते." ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वल्हं मोडलं.

जेवणानंतर ताई म्हणाली, "चल, वरच्या अंगाला डोह आहे तिथे मासे धरू. बाळ राहील सामानापाशी." गळ घेऊन निघालो. अर्ध्या वाटेत आठवलं की चष्मा दगडावर राहिला. ताई म्हणाली, "राहू दे, मी आहे ना, मी लावते आमिष." माझा हातच धरला. नको इतका आग्रह करायला लागली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी हात सोडवून परत फिरलो.

धाकटा गुडघ्यांवर बसला होता. समोर माझी होडी पालथी, आणि याच्या हातात पातं. पुढच्या भागातल्या सांध्यावर, दोन हात लांबीचा पट्टा, राळ खरवडून काढत होता. माझी राळ! शेजारी त्या मलमाचा डबा उघडा. खरवडलेली राळ वाळूवर पडली होती, मेणासारखी वेटोळी वेटोळी.

डोक्यात सणक गेली. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. चोर म्हणालो. कारखाना गिळायला बसलाय म्हणालो. म्हणून थांबायचं होतं का, वडिलांचं नाव घेऊन, असं विचारलं. चार दिवस होडी गळेना म्हणून आता पात्यानं गळवतोयस का, असं विचारलं.

तो उठला नाही. पातं हातात तसंच. मागून ताई धापा टाकत आली. "अरे, जरा ऐकून तर..." म्हणाली, तेवढ्यात त्यानं तिला हातानं थांबवलं.

"ताई, राहू दे."

"बाळ, हे बरं नाही."

"राहू दे म्हटलं ना." मग माझ्याकडे न बघता, वाळूकडे बघून म्हणाला, "हो. मीच करत होतो."

"काय करत होतास? नीट बोल!"

"तू म्हणतोस तेच."

रंगेहाथ पकडला आणि कबूलसुद्धा करवून घेतलं. मी म्हणालो, "पैज संपली. चावी माझी." तो म्हणाला, "तुझीच आहे." ताई पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. ती रडत होती. आपल्या लाडक्याची लक्षणं एकदाची कळली म्हणून रडत असणार.

खरवडलेल्या जागेवर त्याला परत राळ लावायला लावली. निमूटपणे लावली. त्या डब्यातलीच. मोजे वाळले.

रविवार, १४

काल वाळूत रोवलेली वल्ही मीच उपटली.

मंगळवार, १६

पूल दिसला. ट्रकवाला वेळेवर. आठ दिवस, दोन धबधबे, एक गारपीट, भावाचं पातं, आणि तरी सांध्यातून एक थेंब नाही. शेवटचे तीन दिवस तर धाकट्याचे गुडघेसुद्धा कोरडे होते. मला वाटतं, अपराध्यासारखा बसला होता म्हणून वल्हं जपून मारत होता.

जिंकलो. ट्रकमध्ये तिघं शेजारी शेजारी बसलो होतो. जिंकल्यावर माणसाला भूक लागते म्हणतात. मला काही खावंसं वाटलं नाही.

बुधवार, १७

धाकटा सकाळी कारखान्यात आला. कामाचा अंगरखा खुंटीवर ठेवला. आपला लहान रंधा घेतला, दुसरं काही घेतलं नाही. दारात थांबून म्हणाला, "दादा, एवढंच कर. पोहणं शिकवतात त्या बाईंची होडी देताना नख लावून बघ."

मला कामाचं शिकवतो! मी म्हणालो, "तू तुझी नखं सांभाळ." गेला.

त्या बाईंची होडी पट्ट्या जोडून तयार आहे, कापड आणि राळ तेवढी बाकी. त्यांच्या दोन मुलींसाठी आहे, नऊ आणि बारा वर्षांच्या. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

शुक्रवार, २६

बाईंची होडी दिली. गेल्या शुक्रवारी एकट्यानं राळ चढवली. देखणी झालीय. बाई म्हणाल्या, "धाकटे बंधू दिसत नाहीत?" मी सांगितलं, त्यांनी वेगळा मार्ग धरला. बाई गाडीवर होडी बांधून निघून गेल्या.

ताईला फोन केला. म्हणाली, कामात आहे. निवृत्त माणसाला कसलं काम?

मंगळवार, ३०

दहा मिनिटं झाली, पेन हातात धरून बसलोय.

बाईंच्या होडीचं फळकूट टांगायचं राहून गेलं होतं. खिळा भरला होता, म्हणून अख्खा जुडगा खाली काढला. दोरी सोडायला बसलो आणि सवयीनं फळकुटावरून बोट फिरवलं. खळगा लागला. नखाएवढा, चंद्रकोरीसारखा. पुढच्यावर फिरवलं. खळगा. त्याच्या पुढच्यावरही. दिवा जवळ ओढला, भिंग घेतलं, आणि तिरकं बघितलं की थोडं दिसतं तसं तिरकं बघितलं.

गेल्या वर्षभरातली माझ्या अक्षरातली अकरा फळकुटं. अकराही फळकुटांवर नख उमटलेलं. आणि माझ्या प्रत्येक फळकुटाच्या मागे, त्याच दोरीत, दुसरं एक फळकूट. त्यावर काचेसारखी टणक राळ, नख घसरतं. तारीख नंतरच्या रविवारची. अक्षर धाकट्याचं.

फक्त एकाच्या मागे काही नव्हतं. चार तारखेचं. ज्याच्यानंतरच्या रविवारी मी डबा घेऊन होडीशेजारी राखण करत बसलो होतो ते. त्यावरही नख होतं.

वर्षभर रविवारी येऊन तो माझी राळ खरवडत होता आणि नव्यानं चढवत होता. सँडपेपर तिथे जात होता. नदीवर नेलेली होडी तेवढी राहिली होती, ती पुढून गळत होती, गुडघे त्यामुळे ओले होते. स्पंज त्यामुळे ओला होता. वाळूवर पडलेली राळ वेटोळी वेटोळी होती, आणि पिकलेली राळ खरवडली तर तिची भुकटी होते, हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलोय. डोळ्यांनी पाहिलं होतं. ते पाहिलेलं याच वहीत लिहून ठेवलंय.

मग हातातलं शेवटचं फळकूट उरलं. बाईंच्या होडीचं, अकरा दिवसांपूर्वीचं. अंगठ्याचं नख ठेवलं आणि दाबलंसुद्धा नाही. आत गेलं.

दोन मुली. नऊ आणि बारा.

फोनचे आकडे दिसेनात. तीनदा चुकीच्या घरी लागला. चौथ्यांदा बाईंनी उचलला. मी म्हणालो, "बाई, होडी पाण्यात घालू नका. घातली नाही ना अजून?"

"अहो, कशी घालणार? ती तुमच्याकडेच आहे ना. तुमचे धाकटे बंधू शनिवारीच येऊन घेऊन गेले. म्हणाले, दादाच्या कामात खोट नसते, फक्त एक हात राहिलाय, तो मारून आणून देतो." मग म्हणाल्या, "तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. मी बोलून गेले."

बुधवार, १

चावी आणि ते फळकूट खिशात घालून धाकट्याकडे गेलो. त्याची बायको दारात होती. नेहमी "या भावोजी" म्हणते. आज बाजूला झाली आणि मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं.

दोन बाकांवर होडी पालथी. तो वाकून खरवडत होता. अर्धी झाली होती. वाळूवर पाहिली होती तशीच वेटोळी पायाशी पडलेली. माझी चाहूल लागली तरी हात थांबला नाही.

मी होडीच्या तळावर चावी ठेवली. ती नेमकी सांध्यावर, त्याच्या पात्याच्या वाटेत पडली. त्यानं उचलली आणि माझ्या खिशात परत टाकली.

"मला नको, दादा. सोमवारपासून त्या साच्यांच्या कारखान्यात जातोय. ही शेवटची. यापुढच्या मी नाही करायचा. आणि तूही करू नकोस."

ज्या पत्रकावरून मी वर्षभर त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, ते खरं व्हायला मीच कारण झालो. वडिलांनी दिलेली चावी आता दोघांनाही नकोशी. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं, वाटेत जुळवलंही होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "त्या दिवशी वाळूवर हो का म्हणालास?"

तेव्हा कुठे त्यानं मान वर केली. फरशीकडे नाही, जमिनीकडे नाही, सरळ माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो आणि त्याच्या तोंडाच्या जागी तो डाग होता.

"वडिलांचं वल्हं तू मोडलं होतंस?"

पोटरी शेहेचाळीस वर्षांनी ठणकल्यासारखी झाली. तो परत वाकला, पातं लावलं, आणि म्हणाला, "बाजूला हो, दादा. उजेड अडतोय."

मी बाजूला झालो.